हातच्या गोधड्या ऑनलाइन विकायच्या आहेत: किंमत, कुरिअर आणि गिऱ्हाइकाच्या साड्या

सुईदोरा (अंबाजोगाई):
आई आणि काकू हातानं गोधड्या शिवतात, नक्षी मी काढते. इन्स्टाग्रामवर चौकशा येतायत, पण ५ × ७.५ फुटी गोधडी मुंबईला पाठवायचं कुरिअरच इतकं पडतंय की भाव सांगायला जीभ रेटत नाही. किंमत कशी काढावी? काही जण स्वतःच्या आईच्या साड्या पाठवू का विचारतात, ते काम घ्यावं का? आणि जीएसटी लगेच लागतो का?

धावदोरा (लातूर):
ताई, ऑनलाइनची सुरुवात मोठ्या गोधडीनं करूच नका. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक जण ५००० नं भागतात आणि जो आकडा मोठा त्याचे पैसे लावतात. पाच थरांची मोठी गोधडी काट्यावर पावणेदोन किलो भरते, पण खोकं ४० × ३० × १२ झालं की २.८८, म्हणजे ३ किलोचा दर.

बाळाची गोधडी करा. ३० × ४० इंच, चार सुती थर, साधारण ३०० ग्रॅम. दोन्ही बाजूंनी चारपदरी घडी घालून दाबली की २५ × १९ × ४ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. तीच घडी सैल राहून ३० × २५ × ५ झाली तर पाऊण किलो धरतात. खोकं नको, आत प्लास्टिकची पिशवी आणि वर कुरिअरची पिशवी पुरते.

किंमत टाक्यावरून काढा. पाऊण इंचावर ओळी घेतल्या तर ४० ओळी, म्हणजे सुमारे ४० मीटर धावदोरा. समजा त्याला १२ तास लागले आणि तासाला ५० रुपये धरले, तर मजुरी ६००, कापड-दोरा १२०, पॅकिंग ३०. कुरिअर सोडून ७५०, त्यावर तुमचा नफा. आई-काकूंची मजुरी धरायची नाही, असं कृपा करून करू नका. उद्या मागणी वाढून बाहेरची बाई कामाला लावली की तोच भाव तोट्यात जातो.

वाकळवाली (परभणी):
गिऱ्हाइकाच्या साड्यांचं काम जरूर घ्या. आपल्याकडं खरी किंमत त्यालाच मिळते, कारण तशी गोधडी दुसरीकडं विकत मिळत नाही. पण नियम आधी लिहून द्या. मोठ्या गोधडीला पाच थरांसाठी तीन पाचवारी किंवा दोन नऊवारी लागतात. साड्या हातात आल्या की उजेडात धरून विरलेल्या जागांचे फोटो पाठवा, होकार आल्यावरच कात्री लावा. निम्मे पैसे आगाऊ घ्या.

सुती आणि सिंथेटिक एकत्र शिवू नका. धुतल्यावर सुती आटतं, सिंथेटिक तसंच राहतं आणि गोधडीला चुण्या पडतात. शंका आली तर काठाचा एक धागा जाळून बघा: सुती धाग्याची कागदासारखी राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

सुईदोरा:
आणि लाल, काळ्या साड्यांचा रंग सुटला तर?

वाकळवाली:
पांढरं सुती फडकं ओलं करून साडीवर दहा-बारा वेळा जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर ती साडी आतल्या थरातही घालू नका, पहिल्याच धुण्यात तिचा रंग वर येतो. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, कच्चा रंग त्यानं पक्का होत नाही. बाळाच्या गोधडीला आरसे, टिकल्या, बटणं अजिबात लावू नका आणि दोऱ्याच्या गाठी थराच्या आत ओढून घ्या.

हिशेबनीस (नांदेड):
जीएसटीचं थोडक्यात. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी विकायचं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय चालतं. मात्र पॅनवर जीएसटीच्या साइटवरून नावनोंदणी क्रमांक (ही जीएसटी नोंदणी नव्हे) घ्यावा लागतो आणि माल राज्यातच विकावा लागतो. हैदराबादची ऑर्डर आली तर ती पाठवण्याआधी करसल्लागाराला गाठा.

फोटो सकाळी ओसरीच्या सावलीत काढा. आपल्याकडचं दुपारचं ऊन रंग पांढुरके करतं, मग "फोटोतल्यासारखी नाही" म्हणून माल परत येतो. मागची बाजू आणि टाका जवळून दाखवाच. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवू नका. पार्सल न घेता परत आलं की बऱ्याचदा जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं तुमच्याच माथी बसतं.