बेड वाढले, हात तेवढेच: महासाथीतल्या आयसीयू नर्सेसचे अनुभव

फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं. ११ मार्चला त्याच संघटनेनं कोविड ही जागतिक महासाथ असल्याचं सांगितलं. ते वर्ष आपण कसं साजरं केलं ते आपल्याला ठाऊकच आहे.

देवदूत, योद्धे, टाळ्या यांवर भरपूर लिहून झालंय. इथे ते नको. त्या दिवसांत तुमचे हात नेमकं काय करत होते आणि डोक्यात काय चाललं होतं, ते लिहा. पेशंटची आणि हॉस्पिटलची नावं टाळा. चार ओळी असल्या तरी चालतील.

आयसीयू, सीनियर स्टाफ

सुरुवात मी करते. पेशंटला प्रोन करणं, म्हणजे पालथं घालणं, आम्हाला नवीन नव्हतं. उताणं झोपलं की फुप्फुसाचा मागचा भाग दबून बंद पडतो, पालथं केलं की तो उघडतो. २०१३ साली मुख्यतः फ्रान्समधल्या आयसीयूंत झालेल्या प्रोसेव्हा अभ्यासात गंभीर एआरडीएसच्या, म्हणजे फुप्फुसं सुजून श्वास निकामी झालेल्या, पेशंटना सलग किमान १६ तास पालथं ठेवलं होतं. २८ दिवसांतले मृत्यू उताण्या गटात ३२.८ टक्के होते, पालथ्या गटात १६ टक्के. म्हणजे कागदावर सगळं ठरलेलं होतं. पण पूर्वी क्वचित एखादा पेशंट प्रोन व्हायचा. आता सकाळच्या राउंडला यादीच यायची, एवढे उलटायचे, एवढे सुलटायचे.

एका पेशंटला पाच-सहा जण लागतात. डोक्याशी भूलतज्ज्ञ उभा राहतो, श्वासाची ट्यूब त्याच्या हातात असते आणि एक-दोन-तीन मोजणारही तोच. त्याआधीचं सगळं नर्सचं. नळीतून जाणारं अन्न थांबवायचं, रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून, पोट रिकामं करायचं, सक्शन करायचं, म्हणजे श्वासाच्या ट्यूबमधला कफ ओढून काढायचा, डोळ्यांत जेल घालून पापण्या चिकटपट्टीनं बंद करायच्या, ईसीजीचे इलेक्ट्रोड छातीवरून काढून पाठीवर लावायचे. कुठली नळी कुठल्या बाजूनं जाणार, हे बोटानं दाखवून ठरवायचं. उलटवल्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, बऱ्याचदा आधी खाली जातं. तेवढा वेळ सगळ्यांची नजर मॉनिटरवर असते.

आणि मग ते १६ तास आमचे. दर दोन-चार तासांनी मान वळवायची, वरचा हात खाली, खालचा वर. तरी गालावर, हनुवटीवर, कपाळावर जखमा व्हायच्याच. चेहरा इतका सुजायचा की व्हिडिओ कॉलवर दाखवण्याआधी मी घरच्यांना सांगून ठेवायचे. नंतर काही जणांनी ते व्रण दाखवून ‘नीट काळजी घेतली नाही’ असं सुनावलं. त्यांना दोष देत नाही. बेडसोअर म्हणजे नर्सिंगची हयगय, हे आम्हालाही कॉलेजात घोकून घेतलेलं होतं.

ऑपरेशन थिएटरमधून आयसीयूत पाठवलेली

ठरलेल्या शस्त्रक्रिया बंद झाल्या आणि आम्हाला आयसीयूत पाठवलं. थोडं प्रशिक्षण, मग थेट ड्युटी. मला थिएटरमध्ये वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, सर्जननं हात पुढे करायच्या आत मी अवजार देते. आयसीयूत पहिल्या दिवशी औषध सोडणाऱ्या पंपाचा अलार्म कसा बंद करायचा तेही कळेना.

व्यवस्था अशी होती की एक आयसीयू सिस्टर आणि तिच्या हाताखाली आमच्यासारख्या तिघी-चौघी. आम्ही कुशी बदलायच्या, तोंडाची स्वच्छता, औषधं भरणं, चार्ट भरणं ही कामं करायचो. बघणारी ती एकटी. एकदा ती माझ्या बेडजवळून जाता जाता थांबली आणि म्हणाली, याला सक्शन कर. मॉनिटरवर सगळे आकडे ठीक होते. सक्शन केलं तर नळी जवळजवळ भरलेली निघाली. तिनं ते व्हेंटिलेटरच्या आवाजावरून ओळखलं होतं. हे प्रशिक्षणात कसं शिकवणार? वर बसलेल्यांचा हिशेब असा की बेड अधिक व्हेंटिलेटर अधिक नर्स म्हणजे आयसीयू. ‘नर्स’च्या रकान्यात मी आणि ती, दोघी एकेकच मोजल्या जात होतो.

ब्रदर, नाईट शिफ्ट

पीपीई किटबद्दल सगळ्यांनी वाचलंय, त्यामुळे पाणी, घाम, नाकावरचे व्रण सोडून देतो. एक वेगळी गोष्ट सांगतो. सारखं आत-बाहेर करायला लागू नये म्हणून काही ठिकाणी औषधाचे इन्फ्युजन पंप खोलीबाहेर ठेवले आणि लांब नळ्या जोडल्या. कल्पना चांगली, किटही वाचले. पण नळी लांब झाली की नवं भरलेलं औषध रक्तात पोचायला जास्त वेळ लागतो. नॉरअॅड्रेनलिन हे बीपी वर आणणारं औषध वाढवलं आणि बीपी हलत नाही म्हणून अजून वाढवलं, की थोड्या वेळानं बीपी एकदम उसळी मारतं. आम्ही पंपावर मोठ्या अक्षरांत ‘थांब’ असं लिहून चिकटवलं होतं. शिवाय नळी जमिनीवरून जात असेल तर पाय अडकायचा धोका वेगळाच.

बोलणं काचेवर उलट्या अक्षरांत लिहून. मला अजूनही उलटं लिहिता येतं, उपयोग काही नाही.

व्हिडिओ कॉल करून देणारी

नातेवाईकांना आत सोडत नव्हते. ट्यूब टाकण्याआधी पेशंटला एक फोन करून द्यायचा, असा आमच्या युनिटनं नियमच केला होता. तो फोन मी लावायचे. दम लागलेला माणूस फार बोलू शकत नाही. बहुतेक जण कामाचंच बोलायचे, कागद कुठे ठेवलेत, कुणाचे पैसे द्यायचे आहेत. पलीकडची माणसं रडत असायची आणि हा माणूस कपाटाची किल्ली कुठे आहे ते सांगत असायचा.

नंतर पेशंट बेशुद्धीत असताना मी घरच्यांना म्हणायचे, बोला, त्यांच्या कानाशी फोन धरलाय. एवढ्या गुंगीच्या औषधांत ऐकू येतं का? डॉक्टरांनाही छातीठोक सांगता येत नव्हतं. तरी मी कधी ‘ऐकू येत नसेल’ असं म्हटलं नाही. एका मुलीनं सांगितलं, चेहरा नको, बाबांचा फक्त हात दाखवा. मी कॅमेरा हातावर धरून ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. तेवढ्यात दुसऱ्या बेडचा अलार्म वाजत होता, आणि फोन ठेवा असं मला म्हणावं लागलं. असं ‘म्हणावं लागलं’ किती वेळा झालं, ते मोजायचं नाही असं ठरवलंय.

निवृत्त ट्यूटर

एक जुनी गोष्ट, तुमच्यातल्या नवीन मुलींसाठी. अतिदक्षता विभाग ही कल्पनाच एका साथीतून रुजली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्यांना पुरतील एवढी यंत्रं नव्हती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं गळ्याला छिद्र करून नळी टाकायची आणि रबरी पिशवी हातानं दाबून श्वास द्यायचा, असा मार्ग काढला. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. आधी अशा रुग्णांपैकी दहातले आठ-नऊ दगावायचे, ते प्रमाण झपाट्यानं खाली आलं. पुढच्याच वर्षी तिथे कायमचा विभाग सुरू झाला. तेव्हाही प्रत्येक बेडशेजारी कोणी ना कोणी बसलेलं होतं, म्हणून ते जमलं.

(नाव, पद काही नको)

मला लिहायचं नाही. सगळं वाचतेय. मीपण नाईटलाच होते.

मेडिकल आयसीयू

जून २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ या ब्रिटनमधल्या मोठ्या औषध-चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध, रोज ६ मिलिग्रॅम. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू त्यानं जवळपास एक तृतीयांशानं कमी झाले. आम्हाला खरंच हायसं वाटलं. पण स्टेरॉइडनं साखर चढते. मधुमेह असलेल्यांची तर मीटरच्या बाहेर जायची. मग इन्सुलिनचा पंप आणि तासातासाला साखर तपासणी, प्रत्येक बेडला. बातमीत एक गोळी होती; आमच्याकडे ती तासाला एक सुईचा टोचा, एक नोंद आणि पंपातला एक बदल होऊन आली.

ट्यूटर मॅडमच्या गोष्टीला अजून एक जोडते. दीर्घकाळ गुंगीत राहून जागे होणाऱ्यांना भ्रम व्हायचे. एक आजोबा बरे होऊन गेले आणि पुढे तपासणीला आले, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही लोकांनी मला बांधून जहाजात डांबलं होतं. ट्यूब ओढू नये म्हणून हातांना मोजे बांधले होते, तेवढं खरं होतं. जहाज म्हणजे बहुतेक हवेच्या गादीचं हलणं. मला आधी वाईट वाटलं, मग त्यांची डायरी काढली. स्कँडिनेव्हियात ही पद्धत जुनी आहे, नर्सनं पेशंटसाठी रोज दोन ओळी लिहायच्या. आम्ही काही पेशंटच्याच लिहू शकलो. त्यांनी बसून वाचली, मोजे बांधल्याच्या दिवसाची नोंद दोनदा वाचली. म्हणाले, मग जहाज कुठंय यात?

आता ओपीडीत

मी आयसीयू सोडलं. आजाराला घाबरून नाही, आणि थकले म्हणूनही नाही. थकवा झोपून जातो. चार पेशंट असले की रोज ठरवावं लागायचं की आज कोणाला कमी द्यायचं. कोणाचं तोंड पुसायचं राहील, कोणाची कूस उशिरा बदलेल. जे राहून गेलं ते चार्टवर दिसत नाही, पण मला माहीत असायचं. हँडओव्हर देताना त्या यादीला जागाच नव्हती.

जुन्या सहकारी विचारतात, परत येतेस का? एका नर्सकडे दोनपेक्षा जास्त व्हेंटिलेटर देणार नाही, असं लेखी मिळालं तर पुढच्या ड्युटी लिस्टमध्ये माझं नाव टाका.