शेल्टरमधून आणलेली कुत्री पलंगाखालून बाहेरच येत नाही: पहिले काही आठवडे कसे काढायचे?

नवी_सोबत

परवा संध्याकाळी शेल्टरमधून एक कुत्री दत्तक घेऊन आलो. वय अंदाजे अडीच वर्षं, वजन १६ किलो. नसबंदी झाली आहे, रेबीज आणि इतर लसींच्या नोंदी कागदपत्रांत आहेत. आल्यापासून ती पलंगाखाली भिंतीला चिकटून बसली आहे. ३६ तासांत खाणं जवळपास शून्य. पाणी रात्री सगळे झोपल्यावर पिते, शूही रात्रीच खोलीच्या कोपऱ्यात दोनदा केली. बाहेर न्यायला गेलं की दारातच चारही पाय रोवते. काल मागे सरकली तेव्हा गळपट्टा पार कानांपर्यंत आला होता. घरात ९ वर्षांचा मुलगा आणि एक मांजर आहे. आम्हा दोघांची रजा अजून ९ दिवस आहे, मग दिवसाचे काही तास तिला एकटं राहावं लागेल.

तिला पलंगाखालून बाहेर काढावं का? खात नाही त्याचं काय करायचं? आणि एकटं राहायची सवय कधीपासून लावायची?

पाऊलवाट

बाकी सगळं नंतर, आधी तो कानांपर्यंत आलेला गळपट्टा. नव्या घरी आलेलं कुत्रं हरवण्याचा धोका पहिल्या दिवसांत सर्वांत जास्त असतो, आणि घाबरलेलं कुत्रं बहुतेक वेळा मागे सरकून निसटतं. डोकं खाली घालतं, दोन पावलं मागे येतं, आणि मान डोक्याएवढीच जाड असली की साधा गळपट्टा टोपीसारखा निघून येतो. तुमची हाक तिच्या ओळखीची नाही, घर कुठल्या दिशेला हेही तिला माहीत नाही. सुटली तर परत यायचं कुठे, हेच तिला कळणार नाही.

बाहेर नेताना दोन बंधनं हवीत. पहिलं मार्टिंगेल प्रकारचा गळपट्टा. ओढ बसली की तो थोडा आवळतो आणि ठरलेल्या मापाला थांबतो. पूर्ण ताणल्यावर त्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकत असतील तर तो सैल आहे, मध्ये साधारण दोन बोटांचं अंतर राहायला हवं. घरात मात्र तो काढून साधा गळपट्टा घाला, कारण लोंबणारा फास फर्निचरला अडकू शकतो. दुसरं म्हणजे तीन पट्ट्यांचा हार्नेस: एक मानेभोवती, एक छातीमागे आणि तिसरा शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या बारीक भागावर. दोन पट्ट्यांच्या हार्नेसमधून कुत्रं कोपरं आत घेऊन सहज बाहेर येतं. तिसरा पट्टा रुंद बरगड्यांवरून पुढे सरकत नाही, म्हणून तो धरून ठेवतो. दोन्हींना वेगवेगळी दोरी लावा, लांबी २ ते ३ मीटर. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी या काळात अजिबात नको. हातातून सुटली की तिची मूठ मागे खडखडत येते, आणि त्या आवाजापासून कुत्रं आणखी जोरात पळतं.

गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आजच घाला. मायक्रोचिप असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक तुमच्या नावावर नोंदवलाय का ते तपासा. चिप कुत्रं कुठे आहे ते दाखवत नाही, स्कॅनर लावल्यावर फक्त क्रमांक दाखवते. त्या क्रमांकापुढे शेल्टरचाच फोन असेल तर तुमच्यापर्यंत निरोप यायला उशीर होईल. आणि घरात एक नियम करा: बाहेरचं दार उघडायच्या आधी तिच्या खोलीचं दार लागलेलं असलं पाहिजे. पाहुण्यांसाठी, सामान आणून देणाऱ्यांसाठीसुद्धा.

आता पलंगाचं. ओढून काढू नका, खाली वाकून डोकावू नका, हात घालू नका. ती जागा तिने सुरक्षित म्हणून निवडली आहे. तिथेच हात आला तर तिच्याकडे चावण्यावाचून मार्ग उरत नाही. खोलीतच तिला दुसरी आडोशाची जागा करून द्या: भिंतीच्या कोपऱ्यात गादी, वर टेबलाचं छत, दोन बाजूंना चादर. पाण्याचं भांडं तिथून हातभर अंतरावर. फरशी गुळगुळीत असेल तर गादीपासून दारापर्यंत सतरंजी किंवा रबरी चटई अंथरा. पाय घसरतात म्हणून जागेवरून न उठणारी कुत्री पुष्कळ असतात, आणि ते भित्रेपण समजलं जातं.

दिवसातून ४-५ वेळा खोलीत जा, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा, दहा मिनिटं पुस्तक वाचा, निघा. खाऊचा तुकडा टाकायचा तो तिच्या मागे टाका, तुमच्या पुढ्यात नाही. पुढ्यात टाकलात तर खाऊच्या ओढीने ती जवळ येते आणि तुकडा संपला की एकदम भानावर येऊन दचकते. मागे टाकला की तिला तुमच्यापासून दूर जाण्याची मुभा मिळते, मग पुढचं पाऊल ती स्वतःहून टाकते. हा फरक छोटा दिसतो, पण सगळं यावरच आहे.

टाचण

खाण्याबद्दल आणि तब्येतीबद्दल लिहितो.

नव्या जागी पहिले एक-दोन दिवस न खाणं नेहमीचं आहे. शेल्टरमध्ये जे खात होती तेच द्या, तोच ब्रँड, तेच प्रमाण. थोडं कोमट पाणी घालून वास उठवा. भांडं ठेवून खोलीतून बाहेर या, २० मिनिटांनी उचला. रात्रीचं मात्र ठेवूनच द्या, कारण ती रात्रीच वावरते आहे. सारखं भांडं पुढे सरकवणं, हाताने भरवणं, दर तासाला नवा पदार्थ आणणं थांबवा. त्याने तिच्यावर दडपण येतं आणि पोटही बिघडतं. पूर्ण ४८ तास एक घासही घेतला नाही, उलट्या झाल्या, पाणी सोडलं, २४ तासांत शू झाली नाही, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. पाण्याचा अंदाज वजनाच्या दर किलोला दिवसाला ५० ते ६० मिली, म्हणजे तिला ८०० मिली ते १ लिटर. ओलं अन्न असेल तर कमी. भांडं मोजून भरा म्हणजे नक्की कळेल.

खाणं बदलायचंच असेल तर ती नीट जेवायला लागल्यावर, ७ दिवसांत: २ दिवस पाव भाग नवं, पुढचे २ दिवस निम्मं, पुढचे २ दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. तरीही ताणामुळे शी पातळ होऊ शकते, कधी शेंबडासारखा चिकट पदार्थही पडतो. कुत्रं तरतरीत असेल तर एखादा दिवस थांबता येतं.

आणीबाणी नसेल तर डॉक्टरांची पहिली भेट पहिल्या आठवड्याच्या शेवटी ठेवा. जाताना ताज्या शीचा नमुना न्या, जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) यांसाठी. गोचिड्यांमुळे होणाऱ्या अर्लिकिया, बबेसिया, अॅनाप्लाझ्माची रक्ततपासणी करून घ्या. शेल्टरमधून आलेल्या कुत्र्यांत हे आजार आतल्या आत दबून असू शकतात, आणि मग मलूलपणा, कमी भूक, नाकातून रक्त असं काहीतरी अचानक दिसतं. हार्टवर्मची (हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारे जंत) नेहमीची तपासणी जंत मोठे झाल्यावरच लागू पडते, म्हणून पहिली निगेटिव्ह आली तरी ६ महिन्यांनी पुन्हा करा. श्वसनाचे संसर्ग बाहेर यायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, तोवर इतर कुत्र्यांशी गाठ नको.

तुमच्या घरी मांजर आहे म्हणून हे मुद्दाम: कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही गोचीडनाशक थेंबांत परमेथ्रिन असतं. ते मांजरीला विषारी आहे, नुसतं ओल्या अंगाला अंग लागलं किंवा चाटलं तरी. डॉक्टरांना घरात मांजर असल्याचं सांगूनच औषध घ्या. आणि माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन तिला कधीही देऊ नका.

अंघोळ इतक्यात घालू नका. वास येत असेल तर ओल्या फडक्याने पुसा, तेही ती अंगाला हात लावू द्यायला लागल्यावर.

उंबरठा

रात्री पिंजऱ्यात ठेवून दार लावलं तर शी-शूची शिस्त लवकर लागते. आत नीट उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे, एवढं माप पुरे.

पाऊलवाट

माप बरोबर आहे, पण या कुत्रीला आत्ता दार लावू नका. पिंजऱ्याची सवय नसलेलं घाबरलेलं जनावर सुटायच्या धडपडीत सळ्या चावतं, दात आणि नखं मोडून घेतं. दार उघडं ठेवून आत गादी ठेवा आणि जेवण आधी उंबऱ्यावर, मग हळूहळू आतल्या टोकाला द्या. ती आपणहून आत जाऊन झोपायला लागली की दार ५ सेकंद लोटून उघडा, तिथून वाढवा. खोलीतल्या शूसाठी रागावू नका, ती पुढच्या वेळी तुमच्या नजरेआड करेल, एवढंच होईल. जागा एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. अमोनिया असलेला क्लीनर नको, त्याचा वास लघवीच्या जवळ जातो.

शांतघर

एकटं राहण्याचं. ९ दिवस कमी आहेत हे आधी स्पष्ट सांगते, रजेनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी दुपारी कुणीतरी येण्याची सोय आत्ताच बघा.

सराव ती खोलीत मोकळेपणी फिरायला लागली की सुरू करा, त्याआधी नाही. सुरुवात दाराच्या कडीला हात लावून परत बसण्यापासून. मग दार उघडून बंद. मग बाहेर १ सेकंद, ५ सेकंद, १० सेकंद. वेळ दर खेपेला वाढवत नेऊ नका: २०, ५, ४०, १०, ६० असं खालीवर करा, नाहीतर प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईटच होतं, हे तिला कळतं. दिवसाला ५-६ खेपा पुरेत. किल्ल्या उचलणं, बूट घालणं हे बाहेर न जाताही मधूनमधून करा, म्हणजे त्या आवाजांचा धाक जातो.

फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि भुंकण्याखेरीज काय होतं ते बघा. दारासमोर सतत येरझाऱ्या, धाप, लाळेचा ओला डाग, दाराच्या चौकटीवर ओरखडे ही घबराट. नुसतं कान टवकारून दाराकडे बघत बसणं आणि मग आडवं होणं, हे ठीक आहे. जाताना ठेवलेला आवडीचा खाऊ तुम्ही परत येईपर्यंत तसाच असेल आणि तुम्ही आल्या आल्या ती खायला लागली, तर ती तेवढा वेळ भीतीत होती. पुढच्या वेळी निम्म्या वेळेवर या. घबराट बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासाचं चित्रण नीट तपासा.

मुलासाठी: तो तिच्याकडे जाणार नाही, ती त्याच्याकडे येईल. मिठी नाही, वरून डोक्यावर हात नाही, ती झोपली किंवा खात असेल तेव्हा त्या खोलीत प्रवेश नाही. जवळ आली तर छातीवर किंवा गळ्याखाली ३ सेकंद खाजवून हात काढायचा आणि थांबायचं. ती पुढे झुकली तर आणखी ३ सेकंद, मान फिरवली, ओठ चाटले किंवा जांभई दिली तर बस. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसायला लागला किंवा ती एकदम ताठ गोठली तर लगेच मागे व्हा. गुरगुरली तर ओरडू नका. गुरगुरणं म्हणजे इशारा. तो मोडून काढला तर पुढच्या वेळी ती इशारा न देताच चावेल.

मांजर आणि कुत्री पहिले दोन आठवडे वेगळ्या खोल्यांत. एकमेकींची चादर अदलाबदल करा. मग जाळीच्या दारातून बघू द्या, कुत्री दोरीवर. मांजरीला उंच फळी आणि पळवाट कायम हवी.

नवी_सोबत

फार उपयोग झाला. आज पहाटे तिने अर्धं भांडं खाल्लं. तीन पट्ट्यांचा हार्नेस आणला, पण तो हातात धरला तरी ती मागे जाते. घालायचा कसा? आणि तोवर शी-शूचं काय?

पाऊलवाट

हार्नेस डोक्यातून घालायचा प्रकार असेल तर बदलून मानेवरही बकल उघडणारा आणा. डोक्यावरून काहीतरी येणं हीच बहुतेकांची भीती असते. दोन दिवस तो नुसता तिच्या भांड्याशेजारी पडू दे. मग जमिनीवर ठेवून त्याच्या पट्ट्यांवर खाऊ टाका. मग तुमच्या मांडीवर. मग एकच पट्टा तिच्या पाठीवरून टेकवून काढा, खाऊ. बकलचा 'टक्' आवाज वेगळा शिकवा: लांबून टक्, खाऊ, असं २०-२५ वेळा. सगळं एकत्र जमायला आठवडा लागू शकतो, रोज ३-३ मिनिटांच्या तीन खेपा. घातल्यावर पहिले दोन दिवस घरातच, १० मिनिटं.

तोवर तिला बाहेर नेण्याची गरज नाही. जिथे शू केली त्याच कोपऱ्यात शोषक पॅड किंवा कृत्रिम गवताचा ट्रे ठेवा, झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर १५-२० मिनिटांनी खोली रिकामी करून द्या. बाहेर जायला लागलात की ट्रेवरचं एक वापरलेलं पॅड सोबत न्या आणि बाहेर ठरवलेल्या जागी टाका, वासावरून तिला जागा कळते. पहिल्या फेऱ्या रस्ता शांत असताना, ५ मिनिटं, तोच रस्ता, आणि दारात तिने पाय रोवले तर दोरी सैल सोडून तिथेच उभे राहा. उंबऱ्याबाहेर एकच पाऊल टाकून ती आत वळली, तर तुम्हीही तिच्यासोबत वळा.