पैसे मिळाले म्हणजे झालं?
व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांत ओव्हरटाइमचे पैसे मिळत असतील तर क्रंचबद्दल (म्हणजे गेम संपवण्यासाठी आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या जादा कामाबद्दल) ओरड कशाला, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला काही पटला नाही.

सायबरपंक २०७७ या गेमचंच बघा. तो बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने २०१९ मध्ये जाहीर सांगितलं होतं, की कुणावर जादा कामाची सक्ती होणार नाही. २०२० च्या शरद ऋतूत मात्र सहा दिवसांचा आठवडा आलाच. जादा कामाचे पैसे मिळणार होते, नफ्यातला वाटाही. पण शब्द फिरवला तो फिरवलाच. आणि एवढं राबवून हाती काय आलं? एप्रिल, सप्टेंबर, नोव्हेंबर अशा तारखा पुढे ढकलत १० डिसेंबरला गेम आला, तो सोनीच्या जुन्या प्लेस्टेशनवर (गेम खेळायच्या यंत्रावर) धड चालेना. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातूनच काढला, पुन्हा विक्रीला ठेवला थेट जून २०२१ मध्ये. दमलेल्या माणसाकडून बग (प्रोग्राममधल्या चुका) सुटत नाहीत, वाढतात. (कोड लिहिणाऱ्या कुणालाही विचारा.)

खरी गोम आगाऊ नोंदणीत आहे. सुमारे ८० लाख प्रती आधीच खपल्या होत्या, खर्च तिथेच वसूल! मग तारीख पाळायची घाई कोणाला आणि रात्री कोणाच्या जातात?

बाकी, पैसे तरी आपणहून मिळतात असं कुठे आहे? ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या गेम कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने २००४ मध्ये निनावी लिहून घरची परवड मांडली. ओव्हरटाइमच्या दाव्यांत कंपनीने आर्टिस्टांना १ कोटी ५६ लाख डॉलर आणि प्रोग्रामरना १ कोटी ४९ लाख डॉलर मोजले, तेही कोर्टाची पायरी चढल्यावर.