मदत हवी आहे: कॅन्सरनंतर भावासाठी काउन्सेलर, नाशिकमध्ये

माझा लहान भाऊ, वय २४, हॉजकिन लिंफोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) होता, किमो संपून आठ महिने झाले, रिपोर्ट क्लिअर आहेत. प्रॉब्लेम शरीराचा नाहीये आता. रोज रात्री बेसिनच्या आरशासमोर उभा राहून दोन बोटांनी मानेच्या गाठी चाचपत बसतो, स्कॅनची तारीख जवळ आली की आठवडाभर जेवण नाही, झोप नाही. मित्रांचे फोन उचलत नाही. घरात सगळे "बरा झालास ना, मग आता कसलं टेन्शन" म्हणतात, त्याने तो अजूनच गप्प होतो (आधी मीपण हेच म्हणायचे).

काय काय केलं ते सांगते. हॉस्पिटलमधल्या काउन्सेलरने दहा मिनिटांत "पॉझिटिव्ह राहा" सांगून पाठवलं. एका सपोर्ट ग्रुपला गेलो तर सगळे साठीच्या पुढचे, हा तिथे नोकरी, लग्न, पुढे मूल होईल का हे कोणासमोर बोलणार? टेली मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर मीच फोन केला, मराठीत नीट बोलले, पण त्याला एकच माणूस समोर बसून हवाय, दर वेळी नवीन नको. जीव द्यायचं वगैरे काही बोलत नाही, ते मी स्पष्ट विचारलंय. सायकियाट्रिस्टला ना नाही, पण नुसत्या गोळ्या नकोत.

तो अंबडला कंपनीत आहे, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारीच जमेल. मुंबईला दर आठवड्याला जाणं शक्य नाही, ऑनलाइन चालेल पण मराठीतच. फी हजारच्या आत.

कॅन्सर पेशंटसोबत काम केलेला काउन्सेलर किंवा सायकॉलॉजिस्ट नाशिकमध्ये कोणी स्वतः अनुभवलाय का? आणि विशी-तिशीतल्या बरे झालेल्या मुलांचा एखादा मराठी ग्रुप आहे का?