हँगरच्या पलीकडे: दोन 'हार्लो'

हॉलिवूडच्या ताऱ्यांवरच्या, नकळत हसू आणणाऱ्या चरित्रपटांचा विषय निघालाय. त्यात अभिनेत्री जोन क्रॉफर्डवरच्या 'मॉमी डिअरेस्ट'मधल्या (१९८१) तारेच्या हँगरवरून मुलीवर ओरडण्याच्या प्रसंगावर बोलून झालंच आहे. माझ्याकडून 'हार्लो'ची भर. १९६५ साली हॉलिवूड अभिनेत्री जीन हार्लोवर या एकाच नावाचे दोन चित्रपट आले. कॅरल लिनलीचा आठ दिवसांत व्हिडिओ पद्धतीने टिपून मग फिल्मवर उतरवलेला. तो आधी बघा, म्हणजे कॅरल बेकरच्या रंगीत, खर्चिक 'हार्लो'ची मजा वाढते. काळ १९३० च्या आसपासचा, केशभूषा मात्र थेट साठच्या दशकातली! खरी जीन हार्लो १९३७ मध्ये सव्वीसाव्या वर्षी मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. बेकरच्या चित्रपटात बिचारी न्यूमोनियाने जाते.

अभिनेता क्लार्क गेबल आणि त्याची अभिनेत्री पत्नी कॅरल लोम्बार्ड यांच्यावरच्या 'गेबल अँड लोम्बार्ड'मध्ये (१९७६) तर लोम्बार्ड ज्यात गेली त्या विमान अपघाताच्या वेळीच गेबल लष्करी गणवेशात. प्रत्यक्षात तो भरती झाला त्यानंतर जवळपास सात महिन्यांनी.