उन्हाळ्यात कुत्र्यांसाठी घरची कुल्फी: तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ती, गंगापूर रोड

मार्च संपायच्या आतच गच्ची पायाला चटके द्यायला लागली आणि आमच्या मोतीने (लॅब्राडोर, वय ६, वजन जरा जास्तच) बाथरूममध्ये मुक्काम हलवला. गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्यासाठी घरीच गार खाऊ करते. एक वाटी घरचं दही, अर्धं केळं, थोडं पाणी, मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेमध्ये. साखर नाही, मीठ नाही. पहिल्या दिवशी कौतुकाने अख्खी वाटी गोठवून दिली आणि रात्री तीनदा त्याला खाली न्यावं लागलं. बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. दह्यात ती थोडी कमी असते, एवढंच. आता दोन खडे, तेही संध्याकाळी, आणि त्या दिवशी जेवण तेवढं कमी. वरखाऊ दिवसाच्या खाण्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय.

तुम्ही काय करता? फसलेलं आधी लिहा.

सिडकोकर

आमचा पग. नाक चपटं, चार पायऱ्या चढला की धाप. त्याला कलिंगड. साल आणि बिया काढायच्या, गर कुस्करायचा आणि स्टीलच्या ताटलीत पातळ थर पसरून ताटलीच फ्रीझरमध्ये ठेवायची. शेजारच्या जर्मन शेफर्डच्या दाढेचा टवका बर्फाचा खडा चावताना उडाला होता, तेव्हापासून मी चाटायचंच देतो. अडचण एकच. हा चाटत पुढे सरकतो, ताटली त्याच्याही पुढे सरकते, आणि वरात देव्हाऱ्यापर्यंत जाते. खाली ओलं फडकं टाकलं की जागेवर राहते.

मळ्यातली, पिंपळगावकडची

फसलेलंच लिहिते. द्राक्षाच्या दिवसांत आमच्या फ्रीझरमध्ये द्राक्षांचा डबा कायम असतो, पोरं गोळ्यांसारखी खातात. दोन वर्षांपूर्वी नणंद पुण्याहून आली ती तिच्या पॉमेरेनियन कुत्र्याला घेऊन. पोरांनी लाडाने त्याला एकेक करत मूठभर गोठलेली द्राक्षं भरवली. मी तिथेच भाकरी थापत होते, मला काही वाटलंच नाही. द्राक्ष काय वाईट आहे का! नणंदेने पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. तशीच गाडी काढून नाशिक गाठलं. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी काढली, सलाईन लावली, आणि पुढचे दोन दिवस रक्त तपासून मूत्रपिंडांवर लक्ष ठेवलं. वाचला. पाच किलोचा जीव.

डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं. द्राक्षं, बेदाणे, मनुका, तिन्ही कुत्र्याला चालत नाहीत, आणि किती खाल्ली तर चालतील असा भरवशाचा आकडा कुणाकडेच नाही. नेमकं कारण बरीच वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंचेचं पाणीही नको. त्या दिवसापासून आमच्या डब्यावर खडूने फुली आहे आणि डबा वरच्या कप्प्यात.

जुना बागायतदार

ताई, राग मानू नका, पण आमची कुत्री जन्मभर बागेत राहिली. गळलेले मणी खातात, काही होत नाही.

मळ्यातली, पिंपळगावकडची

दादा, आमचा गावठी वाघ्यासुद्धा खायचा. मी हेच डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, आम्लाचं प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि फळ किती पिकलंय त्याप्रमाणे बदलतं, आणि कुत्रं कुत्र्यासारखं नसतं. एकाला काही होत नाही, दुसरा दोन दिवसांत लघवी बंद होऊन जातो. मळ्यातलं कुत्रं कशाने गेलं हे आपण तपासतो कुठे? ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून बांधाला पुरतो.

जुना बागायतदार

हं. तेही खरं.

देवळालीची आजी

आम्ही डांगर करतो, म्हणजे लाल भोपळा. वाफवायचा, कुस्करायचा, कुल्फीच्या साच्यात भरायचा. लाकडी काडी मात्र घालू नका, आमचीने एकदा कुल्फीबरोबर काडीही कराकरा चावली. आता मधोमध गाजराचा तुकडा खोचते. आंब्याचा रसही देते चमचाभर, पण कोय हाताला लागू देत नाही, घशात अडकते.

जेल रोडवाला

शेंगदाण्याचं बटर विकतचं आणत असाल तर बरणीवरची यादी वाचा. बिनसाखरेच्या बरणीत झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) असेल तर थोडंही नको, कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने उतरते. मी दाणे भाजून, सालं काढून मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवतो. पाच मिनिटांचं काम.

आणि हा खाऊ म्हणजे उन्हाळी मजा, औषध नव्हे. गेल्या मेमध्ये चार वाजता फिरायला नेलं (चूक माझीच), कुत्रं जीभ बाहेर काढून आडवं झालं आणि मी त्याच्या तोंडात बर्फ कोंबत बसलो. ताप १०६ निघाला. कुत्र्याचा नेहमीचा साधारण १०१ ते १०२.५ असतो. डॉक्टर म्हणाले, अंगावर गार पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा आणि लगेच निघायचं. बेशुद्धीकडे चाललेल्याच्या तोंडात काही घालायचं नाही.

नाशिकरोडची सून

चिकनचं पाणी कुणीच लिहिलं नाही? आमच्या राणीला तेच आवडतं. पण रविवारच्या रश्श्याआधी आपण जे अळणी काढतो, ते नको. तिखट नसतं म्हणून मी पहिल्यांदा तेच गोठवलं होतं. त्यात कांदा-लसूण असतो, आणि त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून किंवा गोठवून तो गुण जात नाही. आता चार तुकडे नुसत्या पाण्यात वेगळे उकडते, हाडं टाकून देते (शिजलेलं हाड सुरीसारखं फुटतं), पातेलं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते, सकाळी वर साकळलेली चरबी चमच्याने उचलते आणि खालचं पाणी ट्रेमध्ये ओतते.

एक सूचना: ट्रे वेगळ्या रंगाचा घ्या. आमचे सासरे माळकरी, दरवर्षी त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जातात. मागच्या मंगळवारी उन्हातून आले, स्वतःच कोकम सरबत केलं आणि फ्रीझरमधून तीन खडे घातले. ग्लास रिकामा करून म्हणाले, ‘सूनबाई, आज जिरं चांगलं लागलंय.’

अजून सांगितलेलं नाही.