साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी: पहिल्यांदा घ्यायला गेलात तेव्हा काय झालं?

शिवाजीपार्ककर
आज संध्याकाळी रानडे रोडला भाजी घेत होतो. सराफाच्या पायरीवर एक मुलगा उभा होता, हातात दोऱ्याचं वेटोळं. फोनवर कुणाला तरी विचारत होता, "अगं पण हे तिच्या मधल्या बोटाचं की करंगळीशेजारच्या?" पिशवी धरून मी तिथंच थांबलो. २०१४ आठवलं.

आमच्या घरात हिरा कधी आलाच नव्हता. आईची कुडी मोत्यांची. सोनं घ्यायचं तर ठरलेला सोनार, ठरलेली घडणावळ आणि मोड केली तर किती येतील हा एकच प्रश्न. तरी माझ्या मनात हिऱ्याचीच अंगठी होती. माझ्या होणाऱ्या बायकोनं मागितली नव्हती. नोकरीला लागल्यापासून पगार घरी देत होती, स्वतःसाठी एक साधं घड्याळसुद्धा घेतलं नव्हतं तिनं.

आत्याला घेऊन झवेरी बाजार गाठला. खिशात ५० हजार. पहिल्या दुकानात विचारलं, "कलर कुठला? क्लॅरिटी?" मी म्हटलं, पांढरा. (क्लॅरिटी म्हणजे हिऱ्यात आत डाग किती, हे नंतर कळलं.) त्यांनी ट्रे आत घेतला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. कान गरम झाले होते माझे. आत्या म्हणाली, "चल, पुढे बघू."

पुढच्या दुकानात एक वयस्कर काका होते. त्यांनी बसवलं, चहा सांगितला आणि कागदाच्या पुडीतून दोन हिरे पांढऱ्या कागदावर ठेवले. दोन्ही ३० सेंटचे. (१०० सेंट म्हणजे १ कॅरेट आणि १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, हे मला तेव्हा कळलं.) एक लखलखत होता, दुसरा मलूल. "वजन सारखं, मग असं का? पैलू नीट पडलेत का ते बघ आधी." रंग डी पासून झेडपर्यंत मोजतात, डी म्हणजे अगदी निर्मळ. ते म्हणाले, जी किंवा एच घे, सोन्यात बसल्यावर नुसत्या डोळ्याला फरक कळत नाही, वाचलेले पैसे चांगल्या कटवर, म्हणजे पैलूंवर, घाल. मग म्हणाले, दुकानाच्या दिव्याखाली काचही चमकते. तसाच हिरा बसवलेली अंगठी घेऊन माझ्याबरोबर गल्लीत आले. हातगाड्यांच्या गर्दीत तळहाताची सावली धरून हिरा दाखवला. सावलीतही तो जिवंत होता.

४७ हजार झाले. अजून तिच्या बोटात आहे. तुमचं काय झालं, सांगा ना.

पार्ल्याची_लेक
असे काका सगळ्यांना भेटोत. आम्हाला सांगितलं "५० सेंटची अंगठी" आणि आम्ही खूश. घरी आल्यावर मोजले तर १४ बारीक हिरे, सगळे मिळून ५० सेंट! ५० सेंटचा एक हिरा आणि १४ मिळून ५० सेंट यांच्या भावात केवढं अंतर असतं हे आम्हाला कुणी बोललंच नाही. नवऱ्याचा चेहरा इतका उतरला होता की मला अंगठीपेक्षा त्याचंच वाईट वाटलं. ती अंगठी मी बदलू दिली नाही.

सीप्झ_सेटर
२२ वर्षं सीप्झमध्ये (अंधेरीची निर्यात वसाहत) दागिन्यांत हिरे बसवतोय. घाईत लिहितो, लंच संपतोय.
बिलावर ग्रॉस (हिऱ्यासकट) आणि नेट (नुसत्या सोन्याचं) दोन्ही वजनं लिहून घ्या. हिऱ्याचं वजन सोन्याच्या भावात लागता कामा नये.
हिरा २२ कॅरेट सोन्यात बसवायचा हट्ट करू नका (हे कॅरेट शुद्धतेचं, वजनाचं नव्हे), सोनं मऊ पडतं, हिरा धरणारे चिमटे वाकतात, हिरा हलतो. १८ कॅरेट घ्या, आत ७५० चा शिक्का (हजारात ७५० भाग सोनं) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क नंबर, बघा. तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून तपासता येतो.
प्रमाणपत्र असेल तर हिऱ्याच्या कडेवर लेझरने नंबर कोरलेला असू शकतो. भिंगातून दाखवा म्हणा. लाजू नका. दाखवणं त्यांचं काम आहे.

पार्ल्याची_लेक
दादा हे १२ वर्षांपूर्वी कुठे होतात तुम्ही 🙏

सीप्झ_सेटर
तिथंच, अंधेरीला 😄

लालबागची_मावशी
माझा हिरा कणकेत गेला होता. चौथी पोळी लाटताना लाटण्याखाली कच्च झालं. सासूबाई म्हणाल्या राहू दे, देवाला दाखव आधी. तेव्हापासून पोळ्या करताना अंगठी हळदीकुंकवाच्या करंड्यात. आणि हिऱ्याला तेलतूप फार लवकर धरतं बरं का, मग तो मेला वाटतो. कोमट पाणी, साधा साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश. लगेच हसतो.

डोंबिवली_फास्ट
अंगठी घेतली आणि मग कळलं की आता ती गर्दीतून घरी न्यायचीय! मस्जिद स्टेशनला फास्ट लोकल थांबत नाही म्हणून चालत सीएसएमटी. डबी जेवणाच्या डब्यात ठेवली, वरच्या पुडात, भाजीचा होता तो. ठाण्यापर्यंत डबा पोटाशी धरून उभा. बायको अजून म्हणते डबी उघडली तेव्हा मेथीचा वास आला. साखरपुडा म्हटला की आमच्याकडे सगळ्यांना मेथी आठवते.

लालबागची_मावशी
अगोबाई 😂 किती गोड. मेथीची भाजी डाळ घालून की नुसती?

डोंबिवली_फास्ट
मूगडाळ घालून. आईची.

बोरिवली_पूर्व
लॅबमध्ये केलेल्या हिऱ्याबद्दल कुणी बोलेल का? येत्या शनिवारी जायचंय. घरात कुणीच कधी हिरा घेतलेला नाही. बजेट ६० हजार. झोप लागत नाहीये.

माहीम_किनारा
आम्ही गेल्या वर्षी तोच घेतला. तीच म्हणाली, कार्बन तो कार्बन, मला मोठा हवाय आणि कर्ज नकोय. खाणीतल्यापेक्षा फारच स्वस्त पडला. २०२३ ला पंतप्रधान मोदींनी जिल बायडेन (तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी) यांना ७.५ कॅरेटचा दिला होता, तोही लॅबचाच. पण एक, परत विकायला गेलात तर जवळजवळ काही येत नाही. सोन्याचे तेवढे येतील. आम्हाला विकायचा नाही, आम्ही निवांत. फक्त बिलावर लॅबचा आहे असं स्पष्ट लिहून घ्या. हिरा तपासायच्या साध्या यंत्राला दोन्ही सारखेच वाटतात.

गिरगावची_आजी
हिरा लाभतो की नाही हे बघितलंत का रे? आमच्या वेळी तीन रात्री उशाखाली ठेवत. वाईट स्वप्न पडलं तर परत. माझ्या धाकट्या नणंदेनं स्वप्न पडूनही सांगितलं नाही, तिला तो फारच आवडला होता. आता ७८ वर्षांची आहे, सुखात आहे.

शिवाजीपार्ककर
आजी, नमस्कार. हे आज घरी वाचून दाखवतो.
@बोरिवली_पूर्व, रविवार टाळताय ते बरं, बाजारात बरीच दुकानं बंद असतात. दिवसाउजेडी जा. आणि किमान तीन दुकानं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पार्ल्याची_लेक
आणि माप! संध्याकाळी घ्या, सकाळी बोटं बारीक असतात. पेरावरून सरकते का बघा.

बोरिवली_पूर्व
आईला घेऊन जाऊ का? की तिलाच? आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

लालबागची_मावशी
आईला ने रे. तिनंही कधी हिरा हातात धरला नसेल.

सीप्झ_सेटर
+१

गिरगावची_आजी
मुंबादेवीचं दर्शन घेऊन जा, रस्त्यातच आहे.

बोरिवली_पूर्व
घेतली! खाणीतला, ३२ सेंट, एच रंग. कलर कुठला विचारलं तर आईच म्हणाली, "तुम्ही सगळे दाखवा, आम्हाला शिकायचंय." नेट वजन तिनंच लिहून घेतलं. बाहेर गल्लीत येऊन सावलीत बघितला, ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, एकदा मी घालून बघू? तिच्या करंगळीत अगदी बरोबर बसली.

लालबागची_मावशी
फोटो टाक. तिच्या हाताचा.